२५० ओहमच्या हेडफोनसाठी ॲम्प: दहा हजारांच्या आत काय पाहावे आणि काय सोडून द्यावे

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन तुम्ही वापरलेला विकत घेतला आहे. लॅपटॉपला लावला की आवाज अपुरा वाटतो आणि अँड्रॉइड फोनला ॲपलचे डॉंगल (यूएसबी-सीला हेडफोन जोडणारा छोटा तुकडा) लावून ऐकले तर त्याहूनही कमी येतो. गाणे भरीव वाटत नाही, वरचे सूर मात्र कानाला टोचतात. घर नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आहे, खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये आहे आणि पुढेमागे प्लेनर जातीचा (सपाट, पातळ पडद्याने आवाज करणारा) हेडफोन घेण्याचा विचार आहे. एका दुकानदाराने व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळीचा ॲम्प सुचवला, तर दुसऱ्याने एक वॅटच्या खालचे काही घेऊच नका असे सांगितले, आणि त्यामुळे तुमचा गोंधळ वाढला आहे. मी नाशिकमध्ये ध्वनिमुद्रणाच्या खोल्या उभारून देण्याचे आणि ध्वनियंत्रणा दुरुस्त करण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची अडचण नेमकी हीच असते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात खरे तर तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. आवाज कमी येतो ही पहिली, भरीवपणा नाही ही दुसरी आणि वरचे सूर टोचतात ही तिसरी. ॲम्पमुळे हमखास सुटते ती फक्त पहिली. दुसरी कधी सुटते, कधी नाही, आणि ते का हे पुढे सांगतो. तिसरी कोणत्याही किमतीच्या ॲम्पने सुटत नाही, कारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास वर आलेला तो भाग या हेडफोनच्या घडणीतच आहे. हे आधी स्पष्ट केले नाही, तर तुम्ही दहा हजारांचा ॲम्प घ्याल, टोचणे तसेच राहील आणि मग वीस हजारांच्या ॲम्पचा शोध सुरू होईल. असे होताना मी पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी वाईट वाटते, कारण तो पैसा दुसऱ्या चांगल्या हेडफोनसाठी वापरता आला असता.

आता ओहमच्या आकड्याकडे, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अडथळ्याकडे (इम्पीडन्सकडे) वळू. २५० म्हणजे वाजवायला अवघड आणि ३२ म्हणजे सोपा, असा समज सर्वत्र आहे, पण एकट्या ओहमवरून काहीच ठरत नाही. त्याच्या जोडीला सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे दिलेल्या विजेत हेडफोन किती मोठा वाजतो याचा आकडा लागतो, आणि तोही कोणत्या एककात दिला आहे हे पाहावे लागते, कारण काही कंपन्या तो एका मिलिवॅटला किती डेसिबल असा देतात, तर काही एका व्होल्टला किती डेसिबल असा देतात. हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो. तुमच्या डीटी ९९०चा आकडा मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. २५० ओहमच्या हिशेबाने तो एका व्होल्टला सुमारे १०२ डेसिबल होतो. हायफायमॅनचा एचई४००एसई हा प्लेनर २५ ओहमचा आणि मिलिवॅटला ९१ डेसिबलचा आहे, म्हणजे एका व्होल्टला सुमारे १०७. एकेजीचा के७०२ हा ६२ ओहमचा आणि व्होल्टला १०५ डेसिबलचा आहे.

या तिघांनाही ११० डेसिबलच्या शिखरापर्यंत न्यायचे ठरवले तर काय लागते ते पाहा. इथे शिखर म्हणजे संगीतातला क्षणिक जोरकस ठोका, सतत ऐकायची पातळी नव्हे. डीटी ९९०ला अडीच व्होल्ट लागतात, पण करंट फक्त १० मिलिअँपियर, म्हणजे एकूण २५ मिलिवॅट. एचई४००एसईला १.४ व्होल्ट पुरतात, पण करंट सुमारे ५६ मिलिअँपियर आणि शक्ती जवळजवळ ८० मिलिवॅट लागते. के७०२ या दोघांच्या मधे बसतो: १.८ व्होल्ट आणि २९ मिलिअँपियर. म्हणजे २५० ओहमचा हेडफोन या तिघांत सर्वांत कमी शक्ती खातो, त्याला हवे असते ते व्होल्टेज. प्लेनरचे उलट आहे. आपल्याकडे ज्यांनी द्राक्षबागेला ठिबक बसवले आहे त्यांना हा फरक चटकन कळेल, कारण ठिबकला पाणी थोडे पण दाब पुरेसा लागतो आणि पाटाने भिजवायचे तर दाब नसला तरी चालतो, पण पाणी भरपूर लागते. ॲम्प निवडताना विचारायचा पहिला प्रश्न असा की माझ्या हेडफोनला दाब हवा आहे की पाणी. तुम्हाला आज दाब हवा आहे आणि उद्या प्लेनर घेतलात तर पाणी लागेल.

बहुतेक लॅपटॉप साडेतीन एमएमच्या पिनेवर १ व्होल्टच्या आसपास देतात आणि काही त्याहून बरेच कमी देतात. १ व्होल्ट गृहीत धरले तर तुमच्या हेडफोनला पूर्ण पातळीच्या टोनवर १०२ डेसिबल मिळायला हवेत. यूट्यूब किंवा स्पॉटिफायवरील गाण्यांची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजणाऱ्या एककाच्या) आसपास आणलेली असते, म्हणजे पूर्ण व्हॉल्यूमवर सरासरी आवाज ढोबळमानाने ९० डेसिबल येतो, आणि तो रोज ऐकण्यासाठी जास्तच आहे. पण तुम्ही ख्यालगायनाची जुनी मुद्रणे ऐकता असे लिहिले आहे. अशा मुद्रणात विलंबित आलापाची पातळी आणि द्रुत तानेची पातळी यांत मोठे अंतर असते, आणि शिखर कापले जाऊ नये म्हणून एकूण मुद्रणच खाली ठेवलेले असते. ते सरासरीने आठ-दहा डेसिबल खाली गेले की तुमच्याकडे ऐंशीच्या घरात आवाज उरतो, आणि आलापाचे हलके स्वर त्याहून कितीतरी खाली जातात. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर चित्रपटगीत दणदणीत आणि ख्याल दबलेला वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

त्यात द्वारका चौक. डीटी ९९० हा मागून उघडा हेडफोन आहे, त्याच्या जाळीतून बाहेरचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येतो. मुंबई-आग्रा महामार्गाची रहदारी खिडकीतून येत असेल तर आलापाचे हलके स्वर तिच्याखाली बुडतात आणि हात व्हॉल्यूमकडे जातो. रात्री उशिरा, खिडक्या लावून आणि पंखा मंद करून तेच मुद्रण ऐकून पाहा. तेव्हा आवाज पुरेसा वाटला तर तुमची खरी अडचण खोलीची आहे, आणि ॲम्पने ती झाकायची म्हणजे कानांवर अधिक दाब देणे होय. दिवसाच ऐकायचे असेल तर बंद हेडफोन हा अधिक शहाणपणाचा खर्च ठरेल.

खरेदीपूर्वी मोजमाप करणे मला नेहमीच योग्य वाटते, आणि हे घरी करता येते. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन टोन लॅपटॉपवर वाजवा, सगळे व्हॉल्यूम शंभरावर ठेवा, ध्वनी सुधारणारी सर्व सोंगे बंद करा, आणि जॅकमध्ये लावलेल्या वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेचे टोक व बूड यांच्यामध्ये मल्टीमीटरने एसी व्होल्टेज पाहा. हेडफोन त्या वेळी काढून ठेवा, कानावर तर अजिबात नको. बाजारात सर्वत्र मिळणारे स्वस्त पिवळे मल्टीमीटर एसीमध्ये २०० व्होल्टच्या रेंजपासूनच सुरू होतात, त्यांच्यावर १ व्होल्ट नीट वाचता येत नाही. त्यामुळे २ व्होल्टची एसी रेंज असलेले किंवा ऑटो रेंजचे मीटर कोणाकडून तरी मागून आणा. आधी पीन मोकळी ठेवून मोजा, मग तिच्यावर ३३ ओहमचा एक रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. मोकळे १.०० व्होल्ट आणि रेझिस्टर लावल्यावर ०.९४ आले तर लॅपटॉपचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) सुमारे २ ओहम आहे, म्हणजे उत्तम. तेच ०.७७ वर घसरले तर तो सुमारे १० ओहम आहे. या दोन आकड्यांतून तुम्हाला व्होल्टेज कमी पडते की नाही हे कळेल, आणि हे कळले की अर्धा निर्णय झालेला असतो.

डॉंगलबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण तुमच्या तक्रारीतील सर्वांत सोपी गाठ तिथे असावी. ॲपलचे यूएसबी-सी डॉंगल पूर्ण क्षमतेने सुमारे १ व्होल्ट देते, मात्र युरोपात विकले जाणारे निम्मेच देते. अनेक अँड्रॉइड फोनवर त्याच्या आतील व्हॉल्यूम खालच्या पातळीवरच राहतो, फोनची पट्टी कितीही वर नेली तरी. तेच डॉंगल तुमच्या लॅपटॉपला लावून पाहा. आवाज एकदम वाढला तर हेडफोनमध्येही दोष नाही आणि डॉंगलमध्येही नाही. फोनवर यूएसबी यंत्राशी थेट बोलणारे प्लेअर ॲप वापरले तर ही अडचण पुष्कळदा दूर होते, पण ते ॲप फक्त स्वतःतून वाजणाऱ्या संगीतापुरतेच उपयोगी असते.

भरीवपणाच्या तक्रारीचा एक भाग आउटपुट इम्पीडन्सशी जोडलेला आहे. डायनॅमिक जातीच्या (तुमच्यासारख्या, कॉइलने पडदा हलवणाऱ्या) हेडफोनचा इम्पीडन्स सर्व सुरांना सारखा नसतो, खालच्या सुरांत कुठेतरी त्याचा उंचवटा असतो. स्रोताचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असला की त्या उंचवट्याच्या जागी हेडफोनला व्होल्टेज जास्त मिळते आणि बाकी ठिकाणी कमी मिळते, परिणामी खालचा भाग फुगतो. उदाहरणार्थ ३२ ओहमच्या हेडफोनचा उंचवटा ६४ ओहमपर्यंत जात असेल आणि स्रोत १० ओहमचा असेल, तर तिथे सुमारे १ डेसिबलची वाढ होते. कामाचा नियम असा की ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. तुमच्या २५० ओहमच्या हेडफोनला ३० ओहमपर्यंत काहीही चालते, त्यामुळे या बाबतीत तुम्ही निर्धास्त आहात. प्लेनरचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, म्हणून तिथे सूर बदलत नाहीत, फक्त आवाज थोडा उतरतो. याचा अर्थ असा की तुम्हाला जाणवणारा पोकळपणा बहुधा लॅपटॉपच्या इम्पीडन्समुळे आलेला नाही. एक तर कमी आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की भरीवपणा परत आल्यासारखा वाटतो, किंवा वापरलेल्या हेडफोनच्या गाद्या दबून चपट्या झाल्या आहेत. दुसरी शक्यता मला अधिक वाटते. गादी चपटी झाली की ड्रायव्हर (आवाज करणारा आतला भाग) कानाच्या जवळ येतो आणि संपूर्ण सूर-तोल बदलतो. मूळ गाद्या वेगळ्या विकत मिळतात, बदलायला दहा मिनिटे लागतात, आणि वापरलेल्या हेडफोनवर करायचा पहिला खर्च तोच असावा असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट फुकट करून पाहण्यासारखी आहे. घरात किंवा नातेवाइकांकडे जुना स्टिरिओ ॲम्प पडून असेल आणि त्याला पाव इंची हेडफोन जॅक असेल, तर तो उतरवा. अशा ॲम्पमध्ये स्पीकरच्याच आउटपुटमधून शंभर ते काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून हेडफोनला जोडणी दिलेली असते. व्होल्टेज भरपूर असते आणि त्या रेझिस्टरमुळे ॲम्पचा सुसू आवाजही दबतो. आउटपुट इम्पीडन्स मोठा असल्यामुळे ३२ ओहमच्या डायनॅमिक हेडफोनला हे चांगले नाही, पण २५० ओहमचे हेडफोन असल्या ॲम्पवर छान वाजतात आणि खालच्या सुरांना थोडी ऊबही मिळते. फक्त व्हॉल्यूमचे पॉट (बटणामागचा फिरता भाग) खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या आणि पीन घालताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. असा ॲम्प हाती लागला तर तुमचे दहा हजार शाबूत राहतात.

तसा ॲम्प मिळाला नाही आणि मोजणीतही व्होल्टेज कमी आढळले, तर विकत घेण्याकडे वळू. माझ्या दृष्टीने दोनच पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे २ व्होल्टच्या आसपास देणारे चांगले डॉंगल. २ व्होल्टला तुमच्या हेडफोनला १०८ डेसिबलचे शिखर मिळते, म्हणजे लॅपटॉपच्या १ व्होल्टहून ६ डेसिबल अधिक, आणि जुन्या मुद्रणांसाठीही बहुतेक वेळा हे पुरते. असे डॉंगल तुमच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली मिळते, फोनलाही चालते, लॅपटॉपलाही चालते. दुसरी पायरी म्हणजे टेबलावर ठेवायचा, यूएसबीवर चालणारा डॅक (डिजिटल संगीताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि ॲम्प एकत्र असलेला डबा. फिओ, टॉपिंग, आयफाय यांच्यासारख्या कंपन्यांचे प्रवेशपातळीचे असे डबे दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे असतात. त्याचे खरे फायदे तीन: व्हॉल्यूमचे मोठे बटण, हाय-लो गेनचा (ॲम्प संकेत किती पटींनी वाढवतो त्याचा) स्विच आणि प्लेनरला लागणारा करंट. ध्वनीच्या शुद्धतेचा फायदा मी मुद्दाम या यादीत धरलेला नाही, कारण चांगले डॉंगल त्यात मागे नसते.

आकडे वाचताना एका युक्तीकडे लक्ष ठेवा. डब्यावर ठळकपणे लिहिलेली शक्ती जवळजवळ नेहमी ३२ ओहमसाठी असते. ३२ ओहमला १ वॅट म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट, आणि तेच व्होल्टेज ३०० ओहमला जेमतेम शंभर मिलिवॅटच्या आसपास शक्ती देते. त्यात काही वाईट नाही, कारण तुम्हाला २५ मिलिवॅटच लागतात, पण यावरून दुसऱ्या दुकानदाराचा एक वॅटचा आग्रह किती निराधार आहे हे दिसते. माहितीपत्रकात ३०० ओहमसाठीचा आकडा शोधा. तो ३० मिलिवॅट किंवा अधिक असेल तर तो ॲम्प ३ व्होल्ट देतो आणि तुमच्या डीटी ९९०साठी तो पुरेसा आहे. ३०० ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर मी तो ॲम्प बाजूला ठेवतो.

गेनबद्दलही बोलले पाहिजे. जास्त गेन म्हणजे जास्त चांगला आवाज नव्हे, गेनमुळे फक्त बटण कुठपर्यंत फिरवावे लागते हे बदलते आणि सुसू आवाजही त्याच प्रमाणात वर येतो. दुकानात तपासायचे तर संगीत बंद करा, गेन वर न्या, बटण तीन चतुर्थांशपर्यंत फिरवा आणि कान देऊन ऐका. डीटी ९९०वर जवळजवळ शांतता असली पाहिजे. मग उलट तपासणी करा: गेन वर ठेवून बटण अगदी खाली, नुसता आवाज येईल इतकेच ठेवा आणि तानपुऱ्याचे मुद्रण लावा. तानपुरा मध्यातून सरकून एका कानाकडे गेला तर व्हॉल्यूमच्या पॉटचे डावे-उजवे जुळत नाही. स्वस्त पॉटमध्ये तळाशी हे होतेच. लो गेनवर बटण वर आणले की तोल परत येतो, आणि म्हणूनच गेनचा स्विच असलेला ॲम्प मी पसंत करतो.

स्वस्तात शुद्ध आवाज मिळत नाही अशी ज्यांची खात्री असते त्यांना मी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ओ२ या ॲम्पच्या आराखड्याबद्दल सांगतो. तो एका निनावी अभियंत्याने सर्वांसाठी खुला केला होता. त्याच्या आउटपुटला एनजेएम ४५५६ ही साधी, काही रुपयांची चिप आहे. चिपचे दोन भाग प्रत्येकी १ ओहमच्या रेझिस्टरमधून समांतर जोडलेले असल्यामुळे आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओहम होतो. पुरवठ्यासाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या किंवा एसी अडॅप्टर. महागडा भाग एकही नाही, आणि तरी मोजमापात तो कितीतरी पट किमतीच्या यंत्रांच्या बरोबरीने उतरला. तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर हा ॲम्प स्वतः जोडणे हा अजूनही फार समाधान देणारा मार्ग आहे.

व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल पहिल्या दुकानदाराचा सल्ला मी मानणार नाही. खरे व्हॉल्व्ह ॲम्प उच्च व्होल्टेजवर चालतात, महाग असतात, आणि २५० वा ३०० ओहमच्या हेडफोनला ते शोभतातही. दहा हजारांच्या आत जे मिळते त्यात बहुधा ६जे१सारखी छोटी नळी अत्यल्प व्होल्टेजवर ठेवलेली असते, हेडफोनला चालवणारे काम ट्रान्झिस्टर किंवा ऑपॲम्पच करतात, आणि नळीची केशरी झळाळी पुष्कळदा खाली बसवलेल्या एलईडीची असते. बॅलन्स्ड आउटपुटसाठीही (ज्यात डाव्या-उजव्या कानाच्या वायरी पूर्ण वेगळ्या असतात) तुम्ही आज पैसे मोजू नका. तुमच्या डीटी ९९० प्रोची वायर एकाच बाजूने आत जाते, कापून बदलल्याखेरीज ती बॅलन्स्ड होत नाही. उद्या दोन्ही कपांना वेगळी पीन असलेला प्लेनर घेतलात तर तो पर्याय खुला होईल.

परदेशातून मागवलेला किंवा तिथून आलेला वापरलेला ॲम्प घेणार असाल तर अडॅप्टर आधी पाहा. शिटचा मॅग्नी आणि जेडीएस लॅब्जचा ॲटम यांच्यासारखे अमेरिकी ॲम्प मुळात चांगले आहेत, पण त्यांना १६ व्होल्टच्या आसपासचा एसी देणारा अडॅप्टर लागतो. हाती येणारा अडॅप्टर अमेरिकेतील १२० व्होल्टचा असेल आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेला तर तो जळतो, कधी कधी ॲम्पलाही सोबत नेतो. मग मिळेल तो १६ व्होल्टचा अडॅप्टर शोधून लावला जातो, आणि तो डीसी असतो. त्यावर ॲम्प धड चालत नाही, कारण आतला उणे पुरवठा एसीपासूनच तयार होतो. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या अशा ॲम्पची कथा थोड्याफार फरकाने हीच असते. योग्य अडॅप्टर मिळत नसेल तर २३० व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेता येतो, पण तो खर्च आणि गेलेली वॉरंटी आधीच हिशेबात धरा. यूएसबीवर चालणाऱ्या डब्यात ही झंझट नाही, म्हणून पहिल्या खरेदीला मी तोच सुचवतो.

यूएसबी डब्यात एकच उपद्रव संभवतो, तो म्हणजे गुणगुण. चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक घूं किंवा कुईं आवाज येतो आणि चार्जर काढून बॅटरीवर चालवले की जातो, असे झाले तर ॲम्पला दोष देऊ नका. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमधून होणारी गळती किंवा घरातील अर्थिंग हे कारण असते. पंचवटीतल्या आणि जुन्या गावठाणातल्या वाड्यांत मला तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पीन कापणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, त्या पिनेवर जीव अवलंबून असतो.

टोचणाऱ्या वरच्या सुरांसाठी उपाय फुकट आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट या सुरांचा तोल बदलणाऱ्या ॲपनी ८ किलोहर्ट्झच्या आसपास ४ ते ६ डेसिबल खाली आणा आणि आठवडाभर तसेच ऐका. तबल्याच्या चाटीवरचे बोल आणि 'स'चा फूत्कार लगेच सौम्य होतो. इथे ॲम्पचा एक प्रामाणिक उपयोग समोर येतो. खाली आणण्यासाठी जास्तीचे व्होल्टेज लागत नाही, पण बायाचा घुमारा वाढावा म्हणून खालचे सूर ६ डेसिबलने उचलायचे झाले तर विकृती टाळण्यासाठी एकूण पातळी तितकीच उतरवावी लागते, म्हणजे व्होल्टेजची गरज दुप्पट होते. लॅपटॉपचा १ व्होल्ट तिथे नक्कीच अपुरा पडतो. तुम्ही इक्वलायझर वापरणार असाल तर २ ते ३ व्होल्टचा ॲम्प घेण्याला माझ्या मते हे सर्वांत सबळ कारण आहे.

आतापर्यंतचे गणित तुमच्यापुरते मांडतो. गाद्या, मोजणी, डॉंगलची तपासणी आणि इक्वलायझर या चार गोष्टी आधी. त्यानंतरही आवाज कमी पडला आणि प्लेनरचा बेत अजून दूर असेल, तर २ व्होल्टचे डॉंगल घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. प्लेनर वर्षभरात नक्की घ्यायचा असेल, तर लो-हाय गेन असलेला, ३२ ओहमला किमान दोनशे मिलिवॅट आणि ३०० ओहमला किमान ३० मिलिवॅट देणारा यूएसबी डबा एकदाच घ्या. महात्मा गांधी रोडवरील किंवा इतर कुठल्याही दुकानात नेमके मॉडेल मिळेलच असे नाही, त्यामुळे ऑनलाइन घ्यावे लागले तर भारतातील अधिकृत विक्रेत्याकडून आणि परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

ॲम्प आल्यावर मात्र एका गोष्टीची मी तुम्हाला आग्रहाने आठवण करून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तास आणि ९२ला अडीच तास उरतात. शुद्ध, विकृती नसलेला आवाज मोठा असला तरी मोठा वाटत नाही, म्हणून ॲम्प घेतल्यावर माणूस नकळत बटण पुढे नेतो. लो गेनवर सुरुवात करा, संगणकाच्या सूचनांचे आवाज बंद ठेवा, आणि रोजच्या ऐकण्याची जागा बटणावर एकदा ठरवून तिथे बारीक खूण करून ठेवा.

तुम्ही मल्टीमीटरने मोजलेत तर मोकळ्या पिनेचा आणि ३३ ओहमवरचा असे दोन्ही आकडे, लॅपटॉपचे मॉडेल आणि गाद्यांची सध्याची जाडी मला कळवा. मग डॉंगल पुरेल की डबाच घ्यावा लागेल हे नेमके सांगता येईल.